रविवार कुणाचा?

गिरगाव आणि गिरणगाव यांच्यात फरक एका ‘ण’चा. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो कळत नाही, त्यामुळे आमच्याकडे यायला निघालेला माणूस लालबागला उतरून फोन करतो, असं अजूनही होतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या दोन वस्त्यांमध्ये याहून मोठा एक फरक होता. गिरगावात रविवार होता, गिरणगावात नव्हता.

म्हणजे कॅलेंडरात दोन्हीकडे होता. पण गिरगावातला कारकून, मास्तर किंवा वकिलाच्या हाताखालचा लेखनिक रविवारी घरी असायचा, कारण त्या दिवशी साहेब चर्चमध्ये जायचा आणि कचेरी बंद असायची. ही सुट्टी त्याने मागितली नव्हती. राज्यकर्त्यांच्या धर्मामुळे ती आपोआप पदरात पडली होती. गिरणी मात्र रविवारीही चालायची. कधी बंद असलीच, तरी यंत्रं साफ करायला अर्धा दिवस जावंच लागायचं. कामगाराला हक्काने मिळायच्या त्या सणांच्या मोजक्या सुट्ट्या.

आज शुक्रवारी संध्याकाळी मुंबईतून बाहेर पडणारे रस्ते तुंबतात. गाडीच्या टपावर तंबूच्या पिशव्या, मागे मुलं, पुढे गूगल मॅप्स आणि डिकीत कुणीतरी हट्टाने घेतलेली बार्बेक्यूची शेगडी. मित्रांनी आपापल्या घरच्यांना घेऊन तळ्याकाठी दोन रात्री तंबूत राहायचं, याला आपण ‘वीकेंड कॅम्पिंग’ म्हणतो आणि ते अगदी काल-परवा सुरू झालंय असं समजतो. पण हा प्रकार चार गोष्टींनी बनतो : रजा, गाडी, तंबू आणि स्वयंपाक करणारं कुणीतरी. यातली प्रत्येक गोष्ट मुंबईत वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांकडे पोचली. पहिल्या तिन्हींचा इतिहास थोडाफार लिहिला गेलाय. चौथीकडे आपण जेवायच्या वेळीच बघतो.

वाडीतून वाडीकडे

आधी गंमत अशी, की हिरवळ शोधायला गावाबाहेर जायची गिरगावला मुळात गरजच नव्हती. आमच्या गल्ल्यांची नावं वाचा. केळेवाडी, फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. वाडी म्हणजे बाग आणि भाट म्हणजे शेत. आता जिथे दुचाकी लावायला जागा मिळत नाही, तिथे कधीकाळी मूग आणि केळी होत. चर्नी रोड हे नाव गुरांच्या चरणीवरून आलं असं सांगतात. सरकारने चराईवर कर बसवल्यावर सर जमशेटजी जीजीभाईंनी ठाकूरद्वारच्या बाजूला स्वतःच्या पैशाने जमीन घेऊन गुरांना मोकळी करून दिली, अशी त्यामागची हकिगत आहे. ज्या स्टेशनवरून आम्ही कॅम्पिंगला निघतो, त्याच्याच नावात गवत आहे.

सहलीची कल्पनाही साहेबाने आणलेली नाही. कार्तिकात आवळीभोजन व्हायचं. आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडायची, पूजा करायची, जेवायचं, मुलांनी हुंदडायचं आणि दिवे लागायच्या आत घरी परतायचं. धर्माच्या नावाखाली काढलेली ती अस्सल कौटुंबिक पिकनिक होती. बायकांना घराबाहेर पडायला देवाचं कारण लागायचं, तेवढी सोय त्यात होती. झाडाखालचा स्वयंपाक मात्र त्यांनीच करायचा होता.

तंबूचे शब्दही आपल्याकडे मुबलक आहेत : राहुटी, डेरा, तंबू, छावणी, तळ, मुक्काम. हे सगळे लष्करातून आले. मराठी फौजांबरोबर घरच्या बायका, यात्रेकरू, व्यापारी आणि नोकरचाकर असा मोठा लवाजमा चालायचा. त्याला बुणगे म्हणत. कुटुंबकबिल्यासह दूरवर डेरे टाकण्याचा आपल्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रयोग १७६१ साली पानिपतावर संपला. त्यामुळे कॅम्पिंगच्या ग्रुपमध्ये कुणी ‘फार माणसं नकोत’ म्हणालं, तर त्यामागे अडीचशे वर्षांचा अनुभव आहे असं समजावं.

साहेबाचा तंबू

मजेसाठी तंबूत राहणारी माणसं मुंबईत पहिल्यांदा दिसली ती गिरगावपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आज जिथे आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल आहे त्या पट्ट्यात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपियन अंमलदार उन्हाळ्यात राहायला येत. कुणी तंबू ठोके, कुणी बांबू आणि चटयांचे तात्पुरते बंगले बांधी. समुद्राचा वारा खायचा आणि पाऊस यायच्या आत सगळं मोडून परत किल्ल्यात जायचं. हे तंबू उभारायला, पाणी भरायला, पंखा ओढायला नोकर असत. साहेबाची हवापालट हे त्यांचं काम होतं.

मग साहेब आणखी लांब गेला. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून डोंगर चढून माथेरानच्या पठारावर पोचला. तिथले रहिवासी आधीपासून तिथे होते, पण ‘शोध’ त्याच्या नावावर लागला. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाटाची चढण रेल्वेला खुली झाली आणि खंडाळा-लोणावळा मुंबईच्या टप्प्यात आलं. घाटाच्या त्या कामात अपघातांनी आणि साथींनी हजारो मजूर मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे पोचून थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. लोणावळ्याला जाताना मोबाइलची रेंज गेली की आपण वैतागतो. ती ज्या बोगद्यांत जाते ते असे खणले गेलेत.

१९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडी होती, डोंगर होता आणि तंबूही होता. प्रश्न उरला तो जायला दिवस कुणाकडे होता, याचा.

परळच्या सभेत

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी काम केलं होतं आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायला एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या आज वाचताना अगदी साध्या वाटतात. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. यंत्रात अपघात झाला तर भरपाई द्यावी.

लगेच काही झालं नाही. सहा वर्षं अर्ज आणि सभा चालू राहिल्या. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. या सभेत दोन कामगार स्त्रिया रविवारच्या सुट्टीच्या बाजूने बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी ॲक्टने आठवड्याला एक सुट्टी कायद्यात घातली आणि बायकांच्या कामाचे तास दिवसाला अकरावर आणले. हा कायदा व्हावा म्हणून लँकेशायरच्या गिरणी मालकांनीही जोर लावला होता. मुंबईचं कापड स्वस्त पडायचं आणि त्यांना स्पर्धा नको होती. खुद्द इंग्लंडातल्या कापड गिरण्या १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोनला बंद व्हायला लागल्या होत्या. आपल्याकडे साधा रविवार मिळायला आणखी चाळीस वर्षं लागली.

त्या सभेतल्या दोन बायकांपाशी मी नेहमी थांबतो. आजही एखाद्या सोसायटीच्या सभेत बायकांनी माइक घेतला तर माना वळतात. १८९० मध्ये दहा हजारांच्या गर्दीसमोर उभं राहून सुट्टी मागणं म्हणजे काय असेल? गिरणीतली बाई पहाटे उठून भाकऱ्या थापायची, अकरा-बारा तास यंत्रावर उभी राहायची आणि रात्री परत चुलीपुढे बसायची. तिने मागितलेला रविवार तिला मिळाला तो अर्धाच, कारण गिरणीला सुट्टी झाली तरी चुलीला झाली नाही. कायद्याला भोंग्याची वेळ बांधता येत होती, पण घरात भोंगा नव्हता.

छावणी

रविवार मिळाल्यावर सहा वर्षांनी तंबूसुद्धा मिळाला, पण कुणाला नको होता अशा रीतीने. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांना मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले. पुढच्या काही महिन्यांत मुंबई इतकी रिकामी झाली, की १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मं शहर गावाकडे गेल्याचा अंदाज होता. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती आठ लाख एकवीस हजारांच्या वर होती, त्यावरून हा आकडा किती मोठा ते समजेल. ज्यांना जायला गाव नव्हतं किंवा कामामुळे जाता येत नव्हतं, त्यांच्यासाठी पुढे मोकळ्या जागांवर बांबू, चटया आणि झावळ्यांच्या झोपड्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. चाळीत साथ आली की बिऱ्हाड उचलून छावणीत जायचं. मोकळी हवा, उघडं आकाश आणि शेजारी ओळखीची कुटुंबं. कागदावर हे सगळं कॅम्पिंगसारखंच दिसतं. फरक एवढाच, की परत जाताना सगळी माणसं बरोबर असतील याची खात्री नव्हती.

लोखंडे या साथीत लोकांमध्ये काम करत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. पुढच्या महिन्यात, १० मार्चला, पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. लोखंडे गेले तेव्हा त्यांचं वय पन्नासच्या आत होतं. २००५ साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. रविवारी टपाल कचेरी बंद असते, हे त्यांना आवडलं असतं.

तिसरा वर्ग, शेवटची लोकल

पुढचं अर्धशतक गाड्या वाढल्या, पण प्रत्येक गाडीत प्रत्येकाला जागा नव्हती. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन सुरुवातीला वीकेंडचीच गाडी होती. तिच्यात पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचा डबा लागला तो १९५५ च्या जूनमध्ये. म्हणजे मुंबई-पुण्याच्या लाडक्या राणीने साध्या माणसाला आत घ्यायला पंचवीस वर्षं घेतली.

त्याच सुमाराला, १९५४ मध्ये, मुंबईत ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहण संस्था सुरू झाली. पुढच्या काळात दादर-गिरगावच्या पोरांनी सह्याद्री पायाखाली घातला. त्यांचं गणित अगदी पक्कं होतं. शनिवारी अर्धा दिवस काम, घरी जेवण, रात्री पाठीवर सॅक आणि शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल. स्टेशनवर पेपर अंथरून झोपायचं, पहाटे चालायला लागायचं, रविवारी रात्री परत आणि सोमवारी कचेरीत. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ हे पुस्तक कित्येक घरांत पंचांगाशेजारी ठेवलेलं असायचं. तंबू क्वचितच असे. गुहा, देऊळ किंवा एखाद्या गावकऱ्याची पडवी पुरायची. हे सगळं स्वस्त, सुंदर आणि बहुतेक ठिकाणी पुरुषांचं होतं.

मग गिरगावातल्या बायका रविवारी काय करत होत्या? आमच्या चाळीत हा प्रश्न आजीच्या वयाच्या बायकांना विचारला तर आधी हसू येतं. रविवार म्हणजे घरात सगळे. म्हणजे सकाळी पोहे, दुपारी मासे किंवा मटण किंवा श्रीखंड-पुरी, संध्याकाळी कुणाकडचे तरी पाहुणे. इतर दिवशी दुपारी दोन ते चार घर शांत असायचं, ती खरी सुट्टी. रविवारी तीही नाही. मोकळं आकाश हवं असेल तर गच्ची होती. उन्हाळ्यात गाद्या घेऊन गच्चीवर झोपणं, कोजागिरीला दूध आटवणं आणि भुताच्या गोष्टी सांगणं हे आमचं कॅम्पिंगच होतं. फक्त त्याला नाव नव्हतं आणि भाडंही नव्हतं.

त्याच गच्चीवर आणखी काय घडत होतं बघा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या. ऐंशी रुपये उसने घेतले आणि पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे लिज्जत. मोकळी दुपार मिळाल्यावर या बायकांनी त्या दुपारचं काम केलं, कारण त्यांच्या हाताला येणारं आणि बाजारात विकलं जाणारं काम स्वयंपाकाचंच होतं. तिकडे गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणी कामगाराच्या रविवारमागे या बायकांची चूल होती आणि ती सातही दिवस पेटलेली असायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि हळूहळू गिरण्याच गेल्या. रविवारसाठी भांडलेल्या कामगारांच्या नातवंडांपैकी कितीतरी जण त्याच जागेवरच्या मॉलमध्ये काम करतात. मॉलची सगळ्यात जास्त गर्दी रविवारी असते.

शनिवारही आला

अमेरिकेत हेन्री फोर्डने १९२६ मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा आणला. त्यात परोपकार कमी आणि हिशेब जास्त होता. माणसाला दोन दिवस मोकळे मिळाले तर तो फिरायला जाईल, आणि फिरायला मोटार लागेल. आपल्याकडे केंद्र सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला १९८५ मध्ये. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तो २९ फेब्रुवारी २०२० पासून मिळाला आणि तीनच आठवड्यांत सगळेच घरी बसले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तो पहिल्या नोकरीपासून मिळाला. त्यासाठी आम्ही एकही सभा घेतली नाही. त्या काळच्या गिरगावच्या कारकुनासारखा तोही आपोआप पदरात पडला. आपल्या साहेबाचं चर्च आता कॅलिफोर्नियात असतं, एवढाच बदल.

दोन सलग दिवस मिळाले की घरच्यांना बरोबर नेता येतं. तिथे ट्रेकचं कॅम्पिंग झालं. गेल्या थंडीत आम्ही चाळीतले पाच मित्र घरच्यांसकट पवनेच्या जलाशयाकाठी गेलो होतो. मोठी-छोटी मिळून एकोणीस माणसं. ‘काही न्यायचं नाही, तिथे सगळं मिळतं’ असं ग्रुपवर तीनदा लिहूनही आईने लाडू, पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी चटण्यांच्या सहा बाटल्या आणि एका मित्राच्या सासूबाईंनी चक्क पाटा घेतला होता. तो ड्रायव्हरने बघितला म्हणून राहिला. तंबूची चेन आतून लावता येत नाही म्हणून एका काकांनी तिला कुलूप घालायचा प्रयत्न केला. आमच्यातला एक जण ऑन-कॉल होता. तो रात्रभर फोन वर धरून तळ्याकाठी नेटवर्क शोधत फिरत होता, आणि मुलांना वाटलं की तो काजवे बोलावतोय. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे चार किल्ले आजूबाजूला असताना निम्म्या मंडळींनी दोन दिवस पत्ते खेळले. फार मजा आली.

या सगळ्यात जेवण कुणी केलं, ते मला पहिल्या रात्री दिसलंच नाही. ताटात वांग्याचं भरीत, पिठलं आणि गरम भाकरी येत होती. बसल्या जागी जेवायला मिळतंय म्हणून आमच्या सगळ्या आया खूश होत्या. माझी आई तीनदा म्हणाली, ‘भाकरी किती वर्षांनी दुसऱ्याच्या हातची खाल्ली.’ जेवण झाल्यावर काकूंना काही राहवलं नाही. त्या उठून मागच्या शेडमध्ये गेल्या. तिथे एक ताई चुलीपुढे बसून शेवटच्या भाकऱ्या थापत होत्या. जमीन त्यांच्याच घरची, तंबूही त्यांचेच. नवरा बुकिंग आणि शेकोटी बघायचा. काकूंनी परातीतलं पीठ पुढ्यात ओढलं आणि गप्पा मारत थापायला बसल्या. मी पाणी आणायला गेलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

‘शनिवार-रविवार तुम्हाला फारच होत असेल. मग सुट्टी कधी तुमची?’

‘बुधवारी,’ ताई म्हणाल्या. ‘बुधवारी कुणी येत नाही.’

‘मग बुधवारी काय करता?’

‘गोधड्या धुते. तुमच्या सगळ्यांच्या.’

दोघी हसल्या. मीही हसलो, पण बाटली भरून तिथेच जरा उभा राहिलो.

कायद्याच्या पलीकडची चूल

त्या शेडला कुठला कायदा लागू होतो, हे मी घरी आल्यावर बघितलं. कारखान्यांचा कायदा कारखान्याला. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा मुख्यतः ठरावीक संख्येच्या वर कामगार असतील तिथे, आणि त्यात आठवड्याची सुट्टी आहे. नवरा-बायको दोघांनी चालवलेल्या दहा तंबूंना यातलं काही लागत नाही. मालक त्याच आणि कामगारही त्याच. सुट्टी मागायचीच झाली तर ताईंनी कुणाला अर्ज करायचा? स्वतःला, की तळ्याला?

आणि ते तळं तरी कुठे जुनं आहे. पवना धरण १९७२ च्या सुमाराचं. ज्या पाण्यात आपण सूर्यास्ताचे फोटो काढतो त्याच्या खाली इथल्याच लोकांची शेतं आहेत आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशकं रेंगाळला. पाणी गेलं पिंपरी-चिंचवडच्या नळांना आणि कारखान्यांना. काठावर उरलेल्या जमिनीच्या तुकड्यावर काहींनी तंबू लावले. शेतीच्या जागी त्यांना आपला वीकेंड पिकवावा लागतोय. त्यामुळे ‘कॅम्पिंगवाल्यांनी निसर्ग बिघडवला’ असं ठोकून देताना मी अडखळतो. मोठ्या आवाजातली गाणी आणि तळ्यातल्या प्लास्टिकच्या बाटल्या आपण आणतो. त्यांनी आणलंय ते पिठलं.

हे वाचून कुणी कॅम्पिंगला जाणं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. बुकिंग थांबलं तर ताईंना सातही दिवस बुधवार मिळेल, आणि तो त्यांना परवडणारा नाही. माझ्या आईलाही पुन्हा जायचंय. साठीच्या आसपास पहिल्यांदा दोन दिवस कुणीतरी तिच्या हातात आयतं ताट दिलं. तो तिचा हक्काचा रविवार होता आणि तो यायला फारच उशीर झाला. पण एका बाईचा रविवार दुसऱ्या बाईच्या रविवारातून कापून काढला जात असेल, तर निदान आपल्याला ते माहीत हवं.

करता येण्यासारख्या गोष्टी लहान आहेत. दरात घासाघीस करू नये. ‘अनलिमिटेड’ लिहिलंय म्हणून रात्री बारा वाजता पुन्हा भजी मागू नयेत. सकाळचा नाश्ता आपण करावा, आणि ‘आपण’ म्हणजे पुन्हा आयाच नव्हेत. त्या रविवारी सकाळी आम्ही पाच मित्रांनी पोहे केले. पाच इंजिनिअर असल्यामुळे मिठाच्या प्रमाणावर अर्धा तास चर्चा झाली, तरी ते खारट झाले. ताईंनी बसून खाल्ले आणि ‘चांगलेत’ म्हणाल्या. आमच्या सगळ्यांच्या आयांनी एकमेकींकडे बघितलं.

लोखंड्यांच्या अर्जात रविवार पहिल्या क्रमांकाच्या मागण्यांत होता, कारण त्यांना एक साधी गोष्ट कळली होती. ज्याच्याकडे स्वतःचा एकही दिवस नाही, त्याला सभेला यायलाही दिवस नसतो. त्यांनी मिळवलेली सुट्टी एकशे तीस वर्षांहून जास्त काळ टिकली, वाढली, शनिवारपर्यंत पसरली. ती अजून पोचायची आहे अशी ठिकाणं मात्र फार लांब नाहीत. एखादं आपल्या तंबूच्या मागच्या शेडमध्ये असतं आणि एखादं आपल्या घरी, ओट्यापाशी. काकूंनी विचारला तो प्रश्न विचारायला तळ्याकाठी जावं लागत नाही.